उंबरा नसलेलं सरकतं दार: कोकणातल्या एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गुहागरजवळच्या आमच्या घराच्या ओटीला एप्रिलमध्ये फ्लश ट्रॅकचं सरकतं दार बसवलं. ट्रॅक जमिनीच्या पातळीतच, पायाला काहीही लागत नाही, आतली फरशी आणि पडवीची फरशी एका रेषेत. आता अख्खा पावसाळा, ऑक्टोबरचं ऊन आणि थोडी थंडी असं सगळं त्या दारावरून गेलं आहे. बसवायच्या आधी मी बरंच शोधलं होतं. सापडल्या त्या कंपन्यांच्या जाहिराती, नाहीतर दार बसून आठवडा झालेल्यांचं कौतुक. भर आषाढात काय होतं हे कोणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून मी सविस्तर लिहितो आहे.

हे दार शोभेसाठी केलेलं नाही. आईला वॉकर लागतो. जुन्या दाराचा उंबरा चांगला चार बोटं उंच, त्यामुळे तिचं पडवीत येणं बंदच झालं होतं. दिवसभर पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणारी बाई आत कॉटवर पडून राहायची. लाकडी उतरण करून पाहिली, पण वॉकर तिच्यावर घसरायचा. तेव्हा उंबराच नको असं ठरलं.

घर समुद्रापासून चालत पाच-सात मिनिटांवर, मध्ये सुरूचं बन, आणि ओटीचं तोंड थेट पश्चिमेला. म्हणजे झड येते ती सरळ दारावर. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण पाऊस किती पडतो यापेक्षा तो आडवा येतो हा खरा प्रश्न आहे. पडवीचं छप्पर पुढे काढलेलं असलं तरी आर्द्रा-पुनर्वसूत वारा धरला की पाणी छपराखालून आत शिरतं आणि काचेवर नळीने मारल्यासारखं आदळतं. आमच्या आजोबांच्या वेळी पावसाळ्यापुरती पडवीला माडाची झापं बांधायचे, जोतं उंच असायचं, उंबरा उंच असायचा. जुन्या घराने जे काम उंचीने केलं ते फ्लश ट्रॅकमध्ये जमिनीखाली खोलीने करावं लागतं. ही गोष्ट ज्या फॅब्रिकेटरला, म्हणजे ॲल्युमिनियमची दारं-खिडक्या बनवणाऱ्याला, कळलेली नाही त्याला हे काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आम्ही कोटेशन मागवली तेव्हा बहुतेकांचं उत्तर एकच: "कडेने सिलिकॉन मारून देतो, थेंब आत येणार नाही." हे मुळातच चुकीचं आहे. सरकत्या दाराचा ट्रॅक पाणी अडवण्यासाठी नसतोच. ट्रॅकमध्ये पाणी येणार हे धरूनच तो बनवलेला असतो, म्हणून त्याला बाहेरच्या बाजूला पाणी जायच्या भोकांची रांग असते. प्रश्न एवढाच की आलेलं पाणी बाहेर जाण्याइतकी वाट त्याला खाली मिळते का. नेहमीच्या ट्रॅकमध्ये आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा उंच असते, पाणी तिथे थांबतं आणि वारा कमी झाला की भोकांतून उतरतं. फ्लश ट्रॅकमध्ये ती कडच काढून टाकलेली असते.

ती कड किती उंच लागते याचा हिशेब सोपा आहे आणि ज्याला असं दार करायचं आहे त्याने तो स्वतः करून पाहावा. वाऱ्याचा दाब काढायचं भारतीय मानकातलं सूत्र असं: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, उत्तर पास्कलमध्ये. पाण्याचा एक मिलिमीटर स्तंभ म्हणजे साधारण दहा पास्कल. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब १६७ पास्कलच्या आसपास येतो, म्हणजे तो वारा पाणी १७ मिलिमीटर वर ढकलू शकतो. ताशी १०० ला हा आकडा ४७ मिलिमीटर होतो, १२० ला ६८. आमच्याकडे हे आकडे कागदावरचे नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडात श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी शंभरच्या वर होता आणि दापोली-मंडणगडपर्यंत माड-पोफळी आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला धरून वर गेलं. म्हणून आतल्या फरशीपासून दाराबाहेरच्या नालीच्या तळापर्यंत निदान १०० मिलिमीटरचा फरक ठेवायचा असं आम्ही ठरवलं आणि त्यावर ठाम राहिलो. फॅब्रिकेटरचं म्हणणं होतं की पन्नास पुरे.

काम कसं झालं ते सांगतो, कारण पैसे खरे तिथे गेले. आधी ओटीच्या तोंडाशी फरशी आणि कोबा फोडून चर काढला. खाली जांभ्याचं जोतं होतं, ते पूर्ण उकरावं लागलं नाही. चराचा तळ सिमेंटने ढाळ देऊन घोटला, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, आणि ते आत आतल्या फरशीच्या खालपर्यंत वर चढवलेलं. त्यावर स्टेनलेस स्टीलचा एकसंध ट्रे. ट्रेची आतली बाजू उभी वर, दोन्ही टोकंही वर वळवून वेल्डिंग केलेली, परातीला काठ असतो तशी. टोकं बंद करणं हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पाणी दाराच्या मधून सहसा आत येत नाही, ते दोन्ही कडांना, चौकट आणि भिंत जिथे भेटतात तिथून घुसतं. आमच्या मिस्त्रींनी या कोपऱ्यांना वॉटरप्रूफिंगची जाळी स्वतः हाताने दाबून बसवली. त्या माणसाच्या हातात कसब आहे.

ट्रे आणि चौकट यांच्यामध्ये, आणि जिथे जिथे ॲल्युमिनियम सिमेंटला लागणार तिथे, बिटुमेनची टेप लावून घेतली. ओल्या सिमेंटमधल्या अल्कलीने ॲल्युमिनियम खाल्लं जातं, हे बऱ्याच कारागिरांना माहीत असूनही घाईत कोणी करत नाही. स्क्रू सगळे स्टेनलेस. साधे लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये मारले तर खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत भोवती पांढरी भुकटी फुटायला लागते, शेजारच्या बंगल्याच्या खिडक्यांवर ती दिसते.

ट्रेच्या बाहेर लागून शंभर मिलिमीटर रुंद सरळ नाली, वर काढता येणारी स्टीलची जाळी. जाळीच्या फटी सहा मिलिमीटरच्या, आणि चालण्याच्या दिशेला आडव्या, म्हणजे वॉकरचं चाक अडकत नाही. पडवीची फरशी या नालीपासून बाहेर अंगणाकडे १:८० उताराने. अडीच मीटरच्या पडवीत हा उतार जेमतेम तीन सेंटीमीटर होतो, डोळ्यांना कळत नाही. नालीला दोन टोकांना दोन निकास, ७५ मिलिमीटरचे पाइप, आगरातल्या पाटाला सोडलेले. दोन कशासाठी असं गवंड्याने विचारलं. एक तुंबला तर दुसरा चालू राहावा म्हणून. तासाला १०० मिलिमीटरचा पाऊस धरला तर दर चौरस मीटरला तासाला १०० लिटर पाणी होतं. शिवाय समोरच्या भिंतीच्या आणि काचेच्या क्षेत्रफळाच्या निम्मं क्षेत्र त्यात मिळवायचं, कारण आडवा पाऊस काचेवरून ओघळून थेट नालीतच येतो. या हिशेबाने एक पाइपही पुरतो. पण तुंबलेला पाइप कोणत्याच हिशेबाला पुरत नाही.

दार तीन पल्ल्यांचं, एकूण ३.६ मीटर रुंद, २.४ मीटर उंच. काच १० मिलिमीटर टफन्ड, म्हणजे एका पल्ल्याची नुसती काचच ७२ किलो भरते. आम्ही साधं सरकतं न घेता लिफ्ट अँड स्लाइड पद्धतीचं घेतलं. मूठ फिरवली की पल्ला किंचित उचलला जाऊन रोलरवर येतो आणि बोटाने सरकतो. मूठ उलटी फिरवली की पल्ला खाली बसतो आणि रबर दाबलं जातं. साध्या सरकत्या दारात रबराऐवजी ब्रश, म्हणजे बारीक केसांची पट्टी असते. ब्रश धूळ अडवतो, वाऱ्यासकट येणारं पाणी अडवत नाही. फरक किमतीत बराच आहे. पण फ्लश ट्रॅक आणि पश्चिमेचं तोंड या दोन्ही गोष्टी असतील तर इथे बचत करू नये. बाल्कनी आतल्या बाजूची असेल, वर मजल्याचा स्लॅब पुढे आलेला असेल, तर ब्रशचं दार चालून जाईल.

फरशी बसवायच्या आधी चराला दोन दिवस पाणी भरून ठेवलं. चौकट बसल्यावर ट्रॅकमध्ये बादल्या ओतून पाहिल्या, नंतर नळीने पाणी मारलं. नळी खालून वर न्यायची: आधी खालचा सांधा, तिथे दहा-पंधरा मिनिटं, मग दोन्ही बाजू, शेवटी वरचा सांधा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. ही चाचणी फॅब्रिकेटरची माणसं जागेवर असताना, शेवटचा हप्ता द्यायच्या आधी करून घ्या.

आता पावसाळ्याचं.

मृगाच्या सरी सरळ होत्या, काही कळलं नाही. खरी परीक्षा जुलैच्या सुरुवातीला झाली. रात्रभर वारा होता, वीज गेलेली, मी टॉर्च घेऊन दारापाशी बसलो होतो. ट्रॅकच्या फटीत पाणी दिसत होतं, वाऱ्याच्या झोताबरोबर वर येत होतं आणि झोत ओसरला की खाली जात होतं. एका क्षणी त्यातून बुडबुडे यायला लागले आणि बारीक तुषार आतल्या फरशीवर उडाले. घाबरायला झालं. मग लक्षात आलं की मागचं परसदार अर्धवट उघडं होतं. पुढून वारा दाबतो आहे आणि मागून घरातली हवा ओढली जाते आहे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक आणखी वाढतो. मागचं दार लावलं आणि बुडबुडे थांबले, पाणीही बोटभर खाली उतरलं. तेव्हापासून घरात नियम झाला: पश्चिमेचा वारा धरला की मागची दारं-खिडक्या आधी लावायच्या. नंतर ट्रॅकच्या भोकांना बाहेरून रबरी पापणी असलेल्या टोप्या बसवून घेतल्या. पाणी बाहेर जाताना पापणी उघडते, वारा आत येताना मिटते. तुषार उडणं जवळपास बंद झालं. या टोप्या सुरुवातीलाच मागून घ्या, किंमत किरकोळ आहे.

आत पाणी आलं ते एकाच ठिकाणी, आणि तेही जमिनीतून नव्हे. दोन पल्ले जिथे एकमेकांत अडकतात त्या उभ्या सांध्याच्या पायाशी रबराचा छोटा ठोकळा असतो. आमच्या एका सांध्यात फॅब्रिकेटरच्या माणसाने तो आखूड कापून बसवला होता. झडीत तिथून वाटीभर पाणी आत येऊन फरशीवर पसरायचं. फोन केला तर आधी "सिलिकॉन भरा" असंच उत्तर आलं. फोटो पाठवले, पाठपुरावा केला, तेव्हा ऑगस्टमध्ये माणूस येऊन नवा ठोकळा बसवून गेला. त्यानंतर तिथे कोरडं आहे. तुमचं दार बसलं की गुडघे टेकून, टॉर्च लावून हा सांधा खालून आणि वरून बघा. उजेड आरपार दिसला तर पाणीही येणार.

सगळ्यात जास्त काम दिलं ते सुरूच्या काड्यांनी. सुरूची पानं म्हणजे सुईसारख्या बारीक काड्या, त्या जाळीच्या सहा मिलिमीटर फटीतून अलगद आत जातात आणि निकासाच्या तोंडाशी एकमेकींत विणल्या जाऊन नमद्यासारखा थर धरतात. त्यावर लाल माती बसली की पाणी थेंबभरही जात नाही. जुलैत एका दुपारी डावीकडचा निकास असाच पूर्ण बंद झाला होता आणि आम्हाला पत्ताही नव्हता, कारण उजवा चालू होता. जाळी उचलून हात घातला तर अख्खा थर एकसंध हातात आला. आता दोन्ही निकासांवर स्टीलच्या जाळीच्या छोट्या टोपल्या ठेवल्या आहेत. पावसाळ्यात दर तीन-चार दिवसांनी जाळी उचलायची, टोपली झटकायची, परत ठेवायची. काम दहा मिनिटांचं आहे पण ते चुकवून चालत नाही. ज्यांचं घर वर्षातून दोनदाच उघडतं, मुंबई-पुण्याहून गणपतीला आणि मे महिन्यात येणाऱ्यांचं, त्यांनी फ्लश ट्रॅक करू नये असं मी मनापासून सांगेन. जून-जुलैत नाली साफ करायला माणूस नसेल तर सगळा हिशेब फुकट जातो.

पावसाळ्यात वाणी किडेही नालीतून वर यायचे. पाइपांच्या पाटाकडच्या तोंडांना जाळीची टोपणं लावली आणि ते कमी झाले.

खारी हवा हा वेगळाच विषय. जाळी आणि ट्रे ३१६ ग्रेडचा मागितला होता. ट्रे तसाच आहे, पण जाळीच्या एका तुकड्यावर दिवाळीपर्यंत चहाच्या डागासारखे तपकिरी ठिपके आले. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, "चिकटत नाही बघा." त्याला अर्थ नाही. २०२, ३०४ आणि ३१६ यांतला फरक चुंबकाने कळत नाही. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, बाकी दोन्हींत नसतं. ते तपासायचं रसायन मिळतं, त्याचा थेंब टाकून बघावं लागतं, नाहीतर पक्क्या बिलावर ग्रेड लिहून घ्यावा. चौकटीची पावडर कोटिंग अजून जशीच्या तशी आहे. फक्त कापलेल्या टोकांवर आधीच रंगाचा हात मारून घेतला होता, त्याचा फायदा झाला असावा. मार्चपासून पाऊस येईपर्यंत आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने चौकट धुवायची असं ठरवलं आहे, कारण पावसाळ्यात पाऊसच मीठ धुऊन नेतो, उन्हाळ्यात ते बसून राहतं.

रोलरला तेल किंवा ग्रीस लावू नका, वाळू चिकटून त्याची लेई होते आणि ती रोलर खाते. आधी व्हॅक्यूमने वाळू ओढायची, मग सिलिकॉनचा कोरडा स्प्रे. सिलिकॉनवरून आठवलं: सांध्यांना भरायचं सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचंच हवं. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिमेंटला नीट धरत नाही आणि धातूला खातं. आमच्याकडे माणूस तीच आंबट वासाची ट्यूब घेऊन आला होता, परत पाठवली. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये आठ-दहा मिलिमीटरची फट सोडून, मागे फोमची दोरी दाबून, मग भरलं. फट हवीच. चाळीस अंशांचा फरक धरला तर साडेतीन मीटर ॲल्युमिनियम तीन मिलिमीटरच्या वर लांबतं. ऑक्टोबरच्या दुपारी गडद रंगाच्या चौकटीला हात लावला की ते पटतं.

नावडलेलं काय? दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन काचेतून सरळ आत येतं, चिकाचे पडदे लावावेच लागले. मूठ वजनदार आहे, दोन पल्ले आईला स्वतःला उचलता येत नाहीत. तिच्यासाठी कडेचा एक पल्ला आम्ही सकाळीच उघडून ठेवतो. ओली पडवी निसरडी होते, म्हणून तिथे गुळगुळीत टाइल न लावता खडबडीत शहाबादी लावली. ती शेवाळ धरते, दर पंधरवड्याला घासावी लागते.

किमतीचे आकडे गावागणिक बदलतात, म्हणून प्रमाण सांगतो. एकूण खर्चाच्या जवळपास चौथा हिस्सा जमिनीखाली गेला: फोडकाम, ट्रे, नाली, पाइप, वॉटरप्रूफिंग. कोटेशनमध्ये मात्र हा भाग "सिव्हिल काम पार्टीचं" या एका ओळीत होता. तिथेच घोळ होतो. फॅब्रिकेटर म्हणतो माझं दार बरोबर, गवंडी म्हणतो माझी फरशी बरोबर, आणि पाणी या दोघांच्या मधल्या सांध्यातून आत येतं. पाणीपातळीची खूण भिंतीवर दोघांना एकत्र उभं करून मारून घ्या, आणि ट्रे कोण बसवणार, त्याची जबाबदारी कोणाची, हे कामाआधी लिहून घ्या.

फ्लॅटवाल्यांसाठी एक गोष्ट. वरच्या मजल्यावर बाल्कनीच्या दाराला असा चर काढायला खाली जागा नसते. फरशीखाली चाळीस-पन्नास मिलिमीटर माल, त्याखाली स्लॅब. स्लॅबला हात लावायचा नाही, कोणी "थोडंसं छिलतो" म्हणालं तरीही नाही. बाल्कनीचा स्लॅब आतल्यापेक्षा खाली टाकलेला असेल तर ट्रे आणि नाली बसू शकते. नसेल तर वीस-पंचवीस मिलिमीटरची बुटकी चौकट घ्या आणि दोन्ही बाजूंना छोटी उतरण करा. वॉकर तेवढं चढतो. पाण्याच्या चाचणीचं सर्टिफिकेट दाखवतील, युरोपीय मानकात ९ए म्हणजे ६०० पास्कलपर्यंत पाणी आत आलेलं नाही. ते चांगलंच आहे. पण ती चाचणी उंच चौकटीच्या दारावर झाली होती की तुम्हाला विकत असलेल्या फ्लश ट्रॅकवर, हे विचारा. आणि तुमच्याच दाराचा उभा छेद कागदावर काढून मागा, ज्यात आतली फरशी, ट्रॅक, ट्रे, नालीचा तळ आणि बाहेरची फरशी यांच्या पातळ्या मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या असतील. आमच्या फॅब्रिकेटरने तो काढून द्यायला आठवडा लावला. तोपर्यंत आम्ही ॲडव्हान्स दिला नव्हता.